घर पॅकबंद, शेकोटी मंद!

बाहेर बर्फ, आत फायरप्लेस, हातात कॉफीचा मग... सीन एकदम फिल्मी! पण ऊर्जा वाचवणाऱ्या आजच्या हवाबंद घरात लाकडं पेटवायची, तर नुसती काडी ओढून भागत नाही. स्टुटगार्टजवळच्या एका मराठी घरातल्या शेकोटीची ही गोष्ट.

गेल्या डिसेंबरात मी जर्मनीला मावसभावाकडे गेले होते. दादा मूळचा कोथरूडचा. ऑटोमोबाइल इंजिनीअर. दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर म्हणून स्टुटगार्टला गेला आणि तिथलाच झाला. आता शहराबाहेरच्या एका गावात त्याचं स्वतःचं टुमदार घर आहे. मी पोहोचले तेव्हा बाहेर उणे सहा तापमान, अंगणात घोटाभर बर्फ. आणि आत? दादा टी-शर्टवर, वहिनी अनवाणी!

हॉलच्या कोपऱ्यात काचेच्या दाराची एक छोटीशी शेगडी होती. आपल्या कपड्यांच्या कपाटापेक्षा अरुंद, पण वजन तीनशे किलोच्या वर. दादाने त्यात लाकडाचे तीन तुकडे रचले, वरून पेटवले, दार लावलं आणि हात झटकत म्हणाला, "झालं! आता उद्या संध्याकाळी."

"बस्स? एवढंच?" माझा चेहरा पडला. "अरे, अजून दोन-चार टाक ना. फोटो तरी नीट येईल."

"टाकू की," वहिनी हसली, "पण मग खिडक्या उघडाव्या लागतील. आणि खिडक्याच उघडायच्या, तर एवढे पैसे ओतून असलं घर बांधलं कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर मात्र या दोघांना सहजासहजी मिळालेलं नाही. त्यासाठी एक रात्र चांगलीच महागात पडता पडता राहिली होती.

थर्मासमध्ये चूल?

आधी हे 'असलं घर' म्हणजे काय ते बघूया. जर्मनीत याला 'पासिवहाउस' म्हणतात. पहिलं पासिवहाउस डार्मश्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात उभं राहिलं. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांनी पुढाकार घेऊन चार जोडघरं बांधून घेतली, आणि १९९१ पासून ते स्वतः तिथे राहायला गेले. फंडा अगदी सोपा. घर गरम करण्यापेक्षा ते थंडच होऊ द्यायचं नाही. भिंतींना जाडजूड आवरण, खिडक्यांना तीन-तीन काचा, आणि फट म्हणून कुठे ठेवायची नाही. थोडक्यात, राहण्याजोगा थर्मास!

फट नाही हे नुसतं सांगून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. घराच्या दारात एक मोठा पंखा बसवतात, ५० पास्कल इतका दाब तयार करतात आणि किती हवा गळते ते मोजतात. पासिवहाउसची अट अशी, की तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त हवा गळता कामा नये. मग माणसांनी श्वास कसा घ्यायचा? त्यासाठी एक यंत्र चोवीस तास शिळी हवा बाहेर टाकतं आणि ताजी आत घेतं. गंमत म्हणजे बाहेर जाणारी गरम हवा जाता जाता आत येणाऱ्या गार हवेला आपली ऊब देऊन जाते.

दादाचं घर पासिवहाउसच्या कडक मापात बसत नाही, पण त्याच्या बरंच जवळ जातं. वर्षभराची मुख्य ऊब हीट पंप देतो. म्हणजे घराला लाकडाची गरज होती का? काटेकोरपणे बोलायचं तर नाही. पण वहिनीला हवी होती शेकोटी. लहानपणापासून. सिनेमात असते तशी उघडी, दगडी कमानीची, समोर गालिचा टाकून बसायची.

त्यात ते साल होतं २०२२. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि जर्मनीत गॅस-विजेच्या दरांनी सगळ्यांची झोप उडवली. ज्याला त्याला लाकडाची शेगडी हवी झाली. दुकानांत वेटिंग लिस्ट, सरपणाचे भाव कडाडलेले. "उद्या वीज गेली तर हीट पंप काय कामाचा?" असं दादालाही वाटायला लागलं. घराचं बांधकाम चालूच होतं. दोघं तडक शोरूममध्ये गेली.

हेअर ड्रायर विरुद्ध भट्टी

शोरूममध्ये सेल्समनने आठ किलोवॉटची चकाचक शेगडी दाखवली. दादाने हिशेब केला आणि डोकंच धरलं.

तुम्हीही करून बघा. पासिवहाउसला ऐन थंडीत दर चौरस मीटरला साधारण दहा वॉट ऊब पुरते. म्हणजे १४० चौरस मीटरच्या अख्ख्या घराला १.४ किलोवॉट. एवढी ऊब तर हातातला हेअर ड्रायर देतो! दादाच्या घराला त्याच्या दुप्पट, साधारण तीन किलोवॉट लागतात, तेही वर्षातल्या सगळ्यात गार दिवशी. तिथे आठ किलोवॉटची शेगडी म्हणजे दोघांच्या वरणभातासाठी लग्नातली भट्टी पेटवण्यासारखं. अर्ध्या तासात हॉलचा सोना बाथ!

"मग कमी लाकडं टाकून मंद पेटवायची," असं कुणीही म्हणेल. नेमकी हीच चूक असंख्य लोक करतात. लाकडं ठासून भरायची आणि हवेची झडप जवळजवळ बंद करून जाळ धुमसत ठेवायचा. लाकूड असं कोंडून जाळलं की ते नीट जळतच नाही. धूर म्हणजे खरं तर न जळलेलं इंधन. ते चिमणीच्या आत डांबरासारखं चिकटून बसतं, आणि पुढे कधीतरी चिमणीच पेट घेते.

उपाय उलटा आहे. जाळ छोटा, पण मोकळा आणि कडक. आणि त्याची ऊब साठवायला भरपूर दगड. युरोपात शतकानुशतकं हेच चालत आलंय. जर्मन-ऑस्ट्रियन घरांतली 'काखलओफन' ही टाइल्सची भलीमोठी शेगडी दिवसातून एकदा-दोनदाच पेटवतात. तिच्या पोटातली वीट-माती तापते आणि मग रात्रभर हळूहळू ऊब सोडत राहते. दादाची शेगडी तिचीच धाकटी बहीण, सोपस्टोनच्या जाड कवचाची.

आता त्या तीन तुकड्यांचा हिशेब. वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण चार युनिट ऊर्जा असते. हो, विजेच्या बिलातलंच युनिट. तीन किलोंचे झाले बारा. शेगडीने त्यातले ८० टक्के घरात दिले तर साडेनऊ. ही ऊब दगडातून दहा तास झिरपत राहिली, तर ताशी एक किलोवॉटच्या आसपास. बाकीचं हीट पंप बघतो. हॉल उबदार राहतो आणि घामाच्या धारा लागत नाहीत.

काळ्या कपड्यांतला पाहुणा

पण वहिनीच्या उघड्या शेकोटीचं काय झालं? ती कापली गेली एका काळ्या कपड्यांतल्या माणसाच्या हातून!

जर्मनीत चिमणी साफ करणाऱ्याला 'शोर्नश्टाइनफेगर' म्हणतात. काळा कोट, खांद्यावर ब्रश. रस्त्यात दिसला तर शुभशकुन मानतात. पण हा नुसता सफाईवाला नव्हे बरं का. प्रत्येक भागाला एक अधिकृत शोर्नश्टाइनफेगर नेमलेला असतो. त्याने तपासून हो म्हटल्याशिवाय नवी शेगडी पेटवता येत नाही. पुढेही सात वर्षांतून दोनदा तो घरी येऊन सगळं बघून जातो.

वहिनीचं कमानीचं चित्र बघून तो शांतपणे म्हणाला, या घरात चार माणसं राहणार. चौघांसाठी तुमचं यंत्र तासाला १२० घनमीटर हवा बदलेल. आणि अर्धा चौरस मीटर तोंडाची ही उघडी शेकोटी एकटी १८० घनमीटर मागेल. ती हवा आणणार कुठून?

वहिनीकडे उत्तर नव्हतं. जुन्या घरांमध्ये ते दाराखालच्या, खिडकीच्या फटी देत असत. शेकोटी खोलीतलीच गरम हवा ओढून चिमणीतून वर पाठवायची आणि तिच्या जागी फटींतून गार वारं आत यायचं. समोर बसणाऱ्याचे गुडघे भाजायचे आणि पाठ गारठायची. बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकात अमेरिकेत लोखंडी शेगडी बनवली ती याच वैतागातून. नव्या घरात तर फटीच नाहीत. मग भुकेली आग हवेसाठी कुठूनही ओढ घेणार. आणि ते जमलं नाही, की चिमणीतला धूर उलटा फिरून घरात येणार.

जर्मन कायद्याने उघडी शेकोटी फक्त अधूनमधून, हौसेपुरतीच पेटवता येते. वहिनीने मन घट्ट केलं. ठरलं ते असं : बंद दाराची छोटी शेगडी, आपोआप मिटणारं दार, आणि जाळासाठी लागणारी हवा खोलीतून न घेता थेट बाहेरून आणणारा स्वतंत्र पाइप. शेगडीला तिचं स्वतःचं नाक!

सगळं एकदम परफेक्ट. मग माशी शिंकली कुठे?

फोडणीने केला घात

तर स्वयंपाकघरात. असल्या घरांत बहुतेक जण हवा गाळून पुन्हा आतच सोडणारी चिमणी ओट्यावर बसवतात. पण आपली लसूण-मिरचीची फोडणी म्हणजे काय चेष्टा आहे? त्या गाळणीच्या आवाक्यातलं काम नव्हे. म्हणून दादाने हवा बाहेर फेकणारी दणकट चिमणी घेतली. अशी चिमणी फुल्ल स्पीडवर तासाला कित्येकशे घनमीटर हवा ओढते. हवाबंद घरात ती आणि शेगडी एकदम चालली की दोघींची रस्सीखेच, आणि त्यात जिंकणार चिमणीचा पंखा. म्हणून तिथे नियम असा की ओट्याजवळच्या खिडकीला एक स्विच लावायचा. खिडकी उघडी असेल तरच चिमणी चालू होईल.

जानेवारी २०२३. बाळ दोन महिन्यांचं. मदतीला माझी मावशी, म्हणजे दादाची आई, पुण्याहून आलेली. बाहेर कडाक्याची थंडी आणि चिमणी लावायची तर खिडकी उघडी टाकायची. मावशीची पाठ धरली. दादा शेवटी मराठी माणूस! त्याने काय केलं, तर खिडकीच्या झडपेवरचं स्विचचं इवलंसं चुंबक काढून खिशात टाकलं. स्विचला वाटलं खिडकी उघडीच आहे. खिडकी बंद, चिमणी सुरू. जुगाड फत्ते!

चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी मावशीने आमटीला फोडणी दिली आणि चिमणी फुल्ल केली. हॉलमध्ये शेगडीतला जाळ विझून निखारे उरले होते. शेजारच्या पाळण्यात बाळ झोपलेलं. लाकूड टाकावं म्हणून दादाने शेगडीचं दार उघडलं मात्र, भस्सकन सगळा धूर खोलीत! छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला. वहिनी बाळाला छातीशी धरून बर्फात पळाली, पायात नुसते मोजे. मागोमाग मावशी, हातात पळी तशीच.

कुणालाही काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी शोर्नश्टाइनफेगरने येऊन जे सांगितलं त्याने दादाची झोप उडाली. धूर दिसला म्हणून तुम्ही वाचलात, तो म्हणाला. निखारे धुमसताना कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त सुटतो, आणि त्याला ना रंग ना वास. शेगडी चालू असताना घरातला दाब बाहेरच्यापेक्षा चार पास्कलहून जास्त घटता कामा नये, असा तिथला साधारण संकेत आहे. त्याने चिमणी सुरू करून बंद खिडकी बोटभर उघडून दाखवली. फटीतून वारं शीळ घालत आत घुसलं. तेवढी ओढ त्या छोट्याशा शेगडीच्या दाराला लागली होती.

हे ऐकताना मला पुणे-मुंबईच्या बातम्या आठवल्या. बंद बाथरूम, गॅस गीझर आणि आत बेशुद्ध पडलेलं माणूस. उत्तरेत दर थंडीत बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबं. कारण तेच, गॅस तोच. घर जर्मन असो नाहीतर आपलं, जाळाला हवा मिळाली नाही की तो आपल्या वाटणीची हवा नासवतो.

चुंबक त्याच दिवशी परत जागेवर गेलं. स्मोक अलार्मच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही आला. आणि पुढच्या महिन्यात ओट्यावरची चिमणी बदलून गाळणीवाली बसली. फोडणीचा वास आता घरात थोडा रेंगाळतो. "रेंगाळू दे," वहिनी म्हणते.

मावशीचा प्रश्न

त्या रात्रीनंतर मावशीने मुलाला एकच विचारलं होतं, "अरे, माझ्या आईचं आयुष्य चुलीपुढे फुंकणी फुंकण्यात गेलं. डोळे गेले, खोकला गेला नाही. घरात गॅस आला तेव्हा ती रडली होती. आणि तू कर्ज काढून धूर विकत घेतलास?"

याला उत्तर काय देणार? प्रश्न खराच आहे. शेगडीला दार असलं, घरात धूर येत नसला, तरी चिमणीतून तो बाहेर जातोच. स्टुटगार्ट शहर वाटीसारख्या खोलगट भागात वसलंय. वारा पडला की धूर तिथेच साचतो. २०१७ साली तर तिथे प्रदूषणाचा अलार्म असलेल्या दिवसांत हौसेच्या शेगड्या पेटवायलाच बंदी आली. जर्मनीभर २०१५ पासून नव्या शेगड्यांना धुळीची कडक मर्यादा आहे : दर घनमीटर धुरात फक्त ०.०४ ग्रॅम. आणि मार्च २०१० पूर्वीच्या ज्या जुन्या शेगड्या त्यांच्यासाठीच्या सैल मर्यादेतही बसत नव्हत्या, त्यांना ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत सुधारा नाहीतर बंद करा, असा हुकूम होता.

दादाने आपल्यापुरतं उत्तर शोधलंय. लाकूड दोन वर्षं छपराखाली वाळवलेलंच वापरायचं. ताज्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. ते जाळणं म्हणजे पाणी उकळत बसणं. ओलावा २० टक्क्यांच्या आत आला की मगच ते घरात येतं, आणि मोजायला खिशात मावेल एवढा मीटर मिळतो. पेटवायचं वरून, मेणबत्तीसारखं, म्हणजे खालच्या लाकडातून सुटणारा धूर वरच्या ज्वाळेत जळून जातो. आणि धुक्याच्या, वारा पडलेल्या संध्याकाळी शेगडी बंद. हौस असली तरी बंद. त्या दिवशी हीट पंप जिंदाबाद.

मी होते त्या आठवड्यात तीनच संध्याकाळी शेगडी पेटली. त्या तीनही संध्याकाळी आम्ही टीव्ही लावला नाही. बालवाडीत जाणारी भाची काचेपासून हातभर लांब मांडी घालून बसायची आणि जाळात कोणकोणते प्राणी दिसतात ते सांगायची. वहिनीची कमान राहिली, गालिचा मात्र आला.

रोज पुण्याहून मावशीचा व्हिडिओ कॉल. जेवण, नात, औषधं सगळं विचारून झालं की शेवटी ठरलेला प्रश्न.

"आज किती लाकडं?"

"तीन, आई."

"आणि ते चुंबक?"

"जागेवर आहे."

"बरं. ठेव मग."

ऑनसाइट जाताय? शेगडीचं घर भाड्याने घेताय? आधी हे बघा!

* घरमालकाला विचारा, शेगडी हवा कुठून घेते? बाहेरून स्वतंत्र पाइप असेल तर उत्तम. खोलीतूनच घेत असेल तर घर किती हवाबंद आहे ते विचारा.
* ओट्यावरची चिमणी हवा बाहेर फेकते की गाळून आत सोडते? बाहेर फेकत असेल तर शेगडीबरोबर लावायची नाही. खिडकीच्या स्विचशी मस्ती तर अजिबात नाही.
* शेगडी घराच्या मापाची हवी. घर जितकं चांगलं, तितकी शेगडी छोटी.
* कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वतःच्या पैशाने का होईना, पण लावाच. परत येताना बॅगेत टाकून आणा, गॅस गीझर असलेल्या घरात कामाला येईल.
* रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, खोकी, कचरा शेगडीत टाकू नका. त्यातून विषारी धूर निघतो.
* राख एक-दोन दिवस लोखंडी, झाकणाच्या डब्यात ठेवा. वरून थंड दिसली तरी आत निखारा असतो.
* काळ्या कपड्यांतला तो पाहुणा आला की शकुनासाठी त्याला हात लावा, फोटो काढा. पण त्याने दिलेला कागद नीट वाचा आणि सांगितलेलं निमूटपणे करा!